विषय कोणी निवडावा? : पालक, पाल्य आणि उच्च शिक्षण



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतील पुष्कळ घरांत पहिले दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवसापासून वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, मला इतिहास घेऊन बी.ए. करायचे आहे. वडील म्हणतात, इतिहास घेऊन काय करणार, बी.एस्सी. नर्सिंगला जा नाहीतर पॉलिटेक्निकला जा. मुलीला कृषी पदवीसाठी परभणीला जायचे असते आणि आई म्हणते, इथेच धाराशिवला काय ते शीक. मग बोलणे बंद होते. मामा, चुलते, शाळेतले गुरुजी मध्ये पडतात. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते, किंवा अर्ज भरण्याची तारीख निघून जाते. हा विषय घरगुती असला तरी त्याची किंमत मोठी आहे, म्हणून या स्मरणिकेत त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा वाद आपल्या घरांत नवा आहे. आपल्या पणजोबांच्या घरी तो होऊच शकत नव्हता, कारण त्यांच्यापुढे निवड नव्हती. मुलाने काय करायचे ते वतनाने ठरवून टाकलेले होते. गावकीची कामे, सांगावा पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे आणि त्या बदल्यात बलुते. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तेथे आले होते. वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. बाप जे करी तेच मुलाने करावे, ही सक्ती मोडण्यासाठी तो सारा खटाटोप होता. त्या सक्तीतून सुटलेल्या घरात आज मुलगा "मला हे शिकायचे आहे" असे म्हणतो, तेव्हा पालकांनी रागावण्याआधी क्षणभर हे आठवावे. आणि मुलानेही आठवावे, की समोर बसलेल्या बापाला हा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नव्हता.

पालकांची बाजू

मुलांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतात, म्हणून पालकांची बाजू आधी मांडतो.

आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे. १९७२ चा दुष्काळ आजोबांनी पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा उमरगा-लोहारा भागातील आजचे कितीतरी पालक शाळकरी मुले होते. २०१२ नंतरची टंचाईची वर्षे तर आजच्या विद्यार्थ्यांनीही टँकरच्या रांगेत काढली आहेत. सोयाबीनचे एक पीक गेले की वर्ष गेले, अशी स्थिती असलेल्या घरात, किंवा ज्यांना शेतीच नाही आणि ऊसतोडीवर अथवा बांधकामावर पोट आहे अशा घरात, नोकरी हा शब्द आई-वडिलांच्या तोंडी पुन्हा पुन्हा का येतो हे वेगळे सांगायला नको. मुलाचे शिक्षण हा या घरातला एकमेव मोठा खर्च असतो, आणि तो एकदाच करता येतो. श्रीमंताचा मुलगा चुकला तर दुसऱ्यांदा सुरुवात करतो. आपल्याकडे थोरल्याचा एक चुकीचा निर्णय धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबवितो. पालकांच्या नकारामागे हा धोका असतो. त्यांना तो नीट मांडता येत नाही, म्हणून ते ओरडतात.

मात्र पालकांचीही एक अडचण आहे. त्यांना खात्रीची वाटणारी वाट बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असते. डी.एड.चेच उदाहरण घ्या. एक काळ असा होता की डी.एड. झाले म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी ठरलेली. गावातल्या दोन-तीन मुलांना ती मिळाली, ते पाहून सगळ्यांनी आपली मुले तिकडे घातली. विद्यालये भराभर निघाली. पुढे भरती रोडावली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि पदविका हाती असलेली हजारो मुले घरी बसली. नंतर त्यांतली कितीतरी विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. अभियांत्रिकीचेही थोड्याफार फरकाने तसेच झाले. २०१० नंतरच्या दशकात राज्यातील अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या. शेजारच्या मुलाला जे मिळाले तेच आपल्या मुलाला मिळेल, हा हिशोब धरून चालणे धोक्याचे आहे. शेजारचा मुलगा शिकला तेव्हाचा काळ निघून गेलेला असतो.

लातूरविषयीही एक शब्द. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, त्यामुळे लातूर पॅटर्नचे आकर्षण आपल्याकडे अंमळ अधिकच. कळंब-उमरग्याकडचे पालक कर्ज काढून मुलाला तेथे खोली करून देतात. ज्याला जीवशास्त्राची गोडी आहे, जो रोज आठ-दहा तास बसू शकतो, त्याच्यासाठी ते ठीक. परंतु दहावीला विज्ञानात जेमतेम गुण मिळालेल्या आणि भाषेत हुशार असलेल्या मुलाला केवळ प्रतिष्ठेसाठी दोन वर्षे तेथे ठेवणे म्हणजे पैशाबरोबर त्याचा आत्मविश्वासही खर्च करणे आहे.

बाबासाहेबांच्या घरातील मतभेद

बाबासाहेबांचे शिक्षण म्हटले की आपण पदव्यांची यादी वाचतो आणि थांबतो. त्या यादीमागे एक बाप आणि एक मुलगा आहेत, आणि त्यांच्यातही मतभेद झाला होता. तो विद्यार्थ्यांनी व पालकांनी दोघांनीही अभ्यासावा असा आहे.

सुभेदार रामजी यांनी मुलाच्या शिक्षणासाठी काय केले ते सर्वांस ठाऊक आहे. परळच्या चाळीतील लहानशा खोलीत कुटुंब राहत होते. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण ठेवून ते पुस्तक आणीत. अभ्यासासाठी मुलाला पहाटे दोनला उठवीत. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पंचाण्णव टक्क्यांच्या या जमान्यात हा आकडा पालकांनी जरूर वहीत लिहून ठेवावा. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना ते मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. त्या फारसीतही त्यांनी उत्तम अभ्यास केला. मनासारखा विषय मिळाला नाही म्हणून पुस्तक मिटून बसले नाहीत, आणि संस्कृतचा नादही सोडला नाही. ते त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पूर्ण झाले. आता प्रश्न पुढचा. जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानात नोकरी धरण्याचे ठरविले. सुभेदारांना ते पसंत नव्हते, असे चरित्रकार नमूद करतात. ज्याने पोटाला चिमटा घेऊन मुलाला बी.ए. केले, त्या बापाचा शब्द मोडून मुलगा बडोद्यास गेला. पंधरा-वीस दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची तार आली. मुलगा परतला, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले.

या मतभेदात बरोबर कोण होते? मला वाटते, दोघेही. बडोद्याशी संबंध जोडला नसता तर त्याच वर्षी जूनमध्ये करार होऊन दरमहा साडेअकरा पौंडांची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली नसती आणि कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले नसते. येथे मुलाचा निर्णय खरा ठरला. परंतु करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. सैन्यात आयुष्य घालविलेल्या सुभेदारांना जग ठाऊक होते. मुलाला दिसलेली संधी खरी होती आणि बापाला वाटलेली धास्तीही खरी होती. तेव्हा घरात मतभेद झाला म्हणजे एकाने दुसऱ्याला अडाणी किंवा उर्मट ठरवावे असे नाही. दोघे जे पाहत आहेत ते दोन्ही कागदावर आले पाहिजे.

आता विषयाच्या निवडीकडे येऊ. अमेरिकेत बाबासाहेबांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम केले, त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४. जातिसंस्थेवरील त्यांचा १९१६ चा प्रसिद्ध निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात वाचलेला नव्हता, तो मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गातला आहे. त्याच वर्षी लंडनला जाऊन त्यांनी एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि दुसरीकडे ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट राहिले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचेही साहाय्य झाले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी.

यातून विद्यार्थ्यांनी घ्यायचे ते असे. ज्ञानासाठी अर्थशास्त्र आणि स्वतंत्र उपजीविकेसाठी वकिली, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकापाठोपाठ बसविल्या. "आवड की पोट" असा प्रश्न घरात विचारला जातो तेव्हा दोनपैकी एकच उत्तर निवडले पाहिजे असे धरून सगळे बोलतात. इतिहासाची आवड असलेला मुलगा बी.ए. इतिहास करून पुढे कायद्याची पदवी, ग्रंथालयशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी एखादी वाट धरू शकतो. समाजकार्याच्या शिक्षणासाठी तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आपल्याच तुळजापूरला आहे. फक्त पहिल्या पदवीनंतरची दुसरी पायरी कोणती, हे त्याने आजच वडिलांना सांगितले पाहिजे.

बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले होते. आई-बाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचे भवितव्य घडविणे त्यांच्या हाती नसते, ही समजूत टाकून द्यावी, आणि मुलींचे शिक्षण मुलांच्या बरोबरीने चालावे, असा त्याचा आशय आहे. पालकांचा हात मुलाच्या शिक्षणात असावा, हे त्यांनी स्वतः म्हटले आहे.

उपालीच्या आई-वडिलांची चर्चा

विनयपिटकातील महावग्गात या विषयावरची एक गंमतीदार कथा आहे. (हा उपाली म्हणजे शाक्यांचा नापित उपाली नव्हे.) राजगृहातील एका मुलाचे आई-वडील त्याच्या भवितव्याची चर्चा करीत बसतात. लेखनविद्या शिकविली तर पोराची बोटे दुखतील. गणित शिकविले तर छाती दुखेल. रूपविद्या शिकविली, म्हणजे बहुधा नाणी पारखण्याचे शास्त्र, तर डोळे दुखतील. मग त्यांना सुचते, श्रमणांचे बरे चालले आहे, चांगले जेवतात, वाऱ्यापासून आडोशाला निजतात, तिकडेच पाठवू! उपाली हे ऐकतो, मित्रांना सांगतो, आणि मित्रांसह एकूण सतरा मुले भिक्खू होतात. रात्र सरता सरता सगळी भुकेने उठून पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागतात. तो आवाज तथागतांच्या कानी जातो, आणि वीस वर्षांखालील कोणास उपसंपदा देऊ नये असा नियम होतो, कारण त्या वयात थंडी, ऊन, भूक, तहान, डास सोसवत नाहीत.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याच गल्लीतली वाटते. आई-वडिलांनी प्रत्येक विद्येचा त्रास मोजला, मुलाला विचारले नाही. मुलाने मित्र बरोबर आहेत एवढे पाहिले, काम काय करावे लागेल हे पाहिले नाही. आजही "माझे सगळे मित्र तिकडेच चाललेत" हे कारण सांगणारे विद्यार्थी थोडे नाहीत. त्याच महावग्गात, राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने दुःख व्यक्त केल्यावर, आई-वडिलांच्या अनुमतीशिवाय प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे. मुलाची कुवत आणि पालकांची संमती, दोन्ही लागतात.

एका संध्याकाळचे काम

आता प्रत्यक्ष काय करावे? माझी सूचना साधी आहे. एका संध्याकाळी दूरदर्शन आणि मोबाइल बंद करून घरातील सर्वांनी एक कोरा कागद घेऊन बसावे. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीचा अभ्यासक्रम आणि पालकांच्या पसंतीचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी लिहावे. दोन्हींखाली किती वर्षे, किती शुल्क, राहण्या-जेवणाचा खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, पदवीनंतर नेमके कोणते काम मिळू शकते आणि ते न मिळाल्यास काय, एवढे लिहावे. ज्याचा जो अभ्यासक्रम त्यानेच माहिती आणावी हे बरे. पण त्याहून बरे म्हणजे अदलाबदल करावी: वडिलांच्या पसंतीची माहिती मुलाने आणावी आणि मुलाच्या पसंतीची वडिलांनी. इतिहासाचा प्राध्यापक, ग्रंथपाल, वकील अशा दोन माणसांना वडील स्वतः भेटले की निम्मा राग तेथेच उतरतो. मुलगाही शासकीय रुग्णालयात जाऊन परिचारक दिवसभर काय काम करतात ते पाहून येईल. २०२२ मध्ये धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ते पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

मग विद्यार्थ्याने एका प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे: या विषयाचे पुस्तक मी परीक्षा नसताना कधी उघडले आहे काय? कला शाखा मागणारे काही जण केवळ गणिताला भिऊन मागतात. काही जण "मला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे" म्हणून कोणताही सोपा विषय घेतात. राज्यसेवेला पदवी चालते हे खरे, पण स्पर्धा परीक्षा हा काही पदवीचा विषय नव्हे. पुण्याच्या अभ्यासिकेत सात-आठ वर्षे काढून तिशीला आलेली आपली मुले मोजायला गेले तर मन खिन्न होते. ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांनी किती प्रयत्न करणार, त्यानंतर कोणते काम धरणार, हे त्याच कागदावर तारखेसह लिहावे व वडिलांना सही करायला सांगावे.

मुलींच्या बाबतीत वाद बहुतेक वेळा विषयाचा नसतोच, अंतराचा असतो. आई-वडील विषय नाकारतात, पण मनात भीती असते ती पुण्याची, छत्रपती संभाजीनगरची, रात्रीच्या बसची. तेव्हा वसतिगृह पाहून यावे, तेथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलीच्या आईशी बोलावे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तेव्हाच्या पालकांनी आपली पोरे इतक्या लांब पाठविली म्हणून पुढची पिढी शिक्षक, अधिकारी झाली. मुलीसाठी तेच अंतर आता जास्त का वाटावे, याचा विचार पालकांनी करावा. जेथे घर सोडणे खरोखरच अशक्य आहे तेथे धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर २००४ पासून आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाविद्यालयांत आता मेजर आणि मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, अशी भाषा आली आहे. ही व्यवस्था अशा घरांना उपयोगी पडणारी आहे, कारण एक विषय मुलाच्या मनाचा आणि दुसरा पालकांच्या आग्रहाचा असे जमवता येते. मुख्य विषय नक्की केव्हा ठरतो आणि तो पुढे बदलता येतो काय, हे प्रवेशापूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ऐकीव माहितीवर राहू नये.

पैशाची व कागदांची बाजू

पुष्कळ वाद पैशापाशी अडतात आणि तेथे अज्ञानही बरेच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून अधिक असले तरी फ्रीशिपची सवलत आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमात केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच ही सवलत लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतला की सारे शुल्क अंगावर येते, आणि मग कर्ज निघते. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र ही रक्कम वेळेवर हाती येईलच असे धरून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च काढू नये. त्याची वेगळी तजवीज ठेवावी.

शेवटची सूचना जात पडताळणीची. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते नसल्यामुळे मिळालेली जागा जाते. घरात विषयावर एकमत होवो वा न होवो, अर्ज अकरावी-बारावीतच करून टाकावा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतील निर्गम उतारा, गावचा जुना दप्तरी कागद, असे काही. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते आणि त्यांचे नाव तेथे कसे लिहिले होते, हे बहुधा घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. तेव्हा विद्यार्थ्याने या सुट्टीत वडिलांना घेऊन त्या शाळेत एकदा जाऊन यावे.